ठराव क्रमांक अकरा

सभा शाळेत भरली, चौथीच्या वर्गात,
कारण पंचायतीच्या हॉलला अजून दार बसलेलं नाही.
मी ग्रामसेविका. इतिवृत्त माझ्याकडे.
विषय : बंदुकीच्या परवान्यासाठी आठ अर्जदारांना शिफारस.
उपविषय : आधी प्रशिक्षण, मग शिफारस, असं करावं का.

परवाना आपण देत नाही, मी म्हटलं,
तो पुण्याला, कलेक्टर कचेरीत. आपण नुसता कागद जोडतो.
"कागदच तर लागतो, भाऊसाहेब," यमाजी मानकर म्हणाले.
(मी बाई असून मुळशीत मला भाऊसाहेबच म्हणतात.)
त्यांची नऊ एकर रिंग रोडला गेली.
आता घरात पैसा आहे
आणि पैशाला झोप येत नाही.

मग कुणीतरी बिबट्याचं नाव काढलं.
बिबट्या निघाला की आमच्याकडे सगळे हात वर जातात.
उसात तो आहेच, खोटं कशाला बोलू;
पण आठातल्या सहा जणांकडे आता ऊसच नाही,
प्लॉट आहेत, तारेचं कुंपण आहे,
आणि कमरेला आधीच शिवून घेतलेलं
चामड्याचं रिकामं पाकीट.

निवृत्त हवालदार सर्जेराव धिंडले उठले.
पिशवीतून वरवंटा काढला, सुनेला विचारून आणलेला.
"धरा. हात सरळ. एक मिनिट."
लोक हसले. पहिल्या अर्जदाराचा हात
विसाव्या सेकंदाला थरथरला.
"बंदूक याहून हलकी असते," हवालदार म्हणाले,
"म्हणून तर शिकावी लागते.
आठ दिवस. त्यातले तीन नुसतं उचलणं आणि ठेवणं.
रिकामी आहे हे तीनदा बघायचं,
आणि तरी भरलेली आहे असंच धरायचं."
"आठ दिवसांचा खाडा कोण भरून देणार?"
"सर्टिफिकेट घरपोच मिळतं, अण्णा!"

मी लिहीत होते आणि फरशीकडे बघत होते.
वर पत्र्याला एक भोक आहे, बोटाएवढं.
गेल्या वैशाखात जानवसा याच वर्गात होता.
कुणाचा, ते इतिवृत्तात नाही.
त्यातून रुपयाएवढं ऊन खाली पडतं
आणि सरकत राहतं.
तिसऱ्या फरशीवर आलं की खाऊची सुट्टी,
असं पोरांनीच ठरवलंय.

"भोक कधी बुजवणार?" खिचडी करणाऱ्या हौसाबाईंनी विचारलं.
सरपंच म्हणाले, "तो आयत्या वेळचा विषय."
"गोळीपण आयत्या वेळचीच होती.
मी इथं भिंतीशी तांदूळ निवडत होते."

पंखा फिरत होता, तेवढाच आवाज.

शिफारस मंजूर. प्रशिक्षणाचा विचार
पुढच्या सभेत, त्यासाठी समिती.
सवयीनं मी 'सर्वानुमते' लिहिलं,
हौसाबाई वाकून बघत होत्या,
खोडलं, 'बहुमताने' केलं,
खाली त्यांचा अंगठा घेतला.
हवालदारांनी वरवंटा पिशवीत घातला, दोन्ही हातांनी.

तेवढ्यात खिडकीच्या गजांतून एक पोर ओरडलं,
ऊन तिसऱ्या फरशीवर आलं!

रविवार होता.
तरी आम्ही सगळे उठलो.