मूळ प्रत

लार्नाकाच्या नगरपालिकेत माझी खिडकी दुसरी.
पहिलीत पाणीपट्टी, तिसरीत कुत्र्यांचे परवाने.
लग्नं माझ्याकडे.

बरेचसे बैरुतहून येतात,
विमानाने पाऊण तास.
तिकडे लग्न लावतो तो धर्म,
आणि दोघांचे धर्म दोन असले
की सरकार खिडकी लावून घेतं.
बाहेरून लावून आणलंत तर मात्र
मुकाट्याने नोंदवतं.
हे कसं काय, मी कधी विचारलं नाही.
मला पगार शिक्क्याचा मिळतो.

आज साडेआठला शर्बेल आणि बतूल.
तिने फाइल अशी छातीशी धरलेली
जसं कुणी आजारी मांजर डॉक्टरकडे नेतं.

मी मागत गेले, ती देत गेली.
पासपोर्ट. जन्माचा दाखला.
आणि तो कागद, ज्याला माझ्या टेबलावर
सगळ्यात जास्त मान:
अविवाहित असल्याचा.
तीन महिन्यांहून जुना चालत नाही.
म्हणजे शंभर दिवसांपूर्वीचं तुमचं एकटेपण शिळं,
ताजं घेऊन या.

त्यावर परराष्ट्र खात्याचा शिक्का हवा,
तो शिक्का खरा असल्याचा दुसरा शिक्का,
आणि दुसरा खरा आहे हे सांगायला
कुणी उरत नाही
तिथे मी बसते.

"नाव जुळत नाही."
पासपोर्टावर ओ आणि यू,
भाषांतरात दोन ओ.
"कागदाप्रमाणे या दोन बायका आहेत,"
मी म्हटलं, म्हणावं लागतं म्हणून.
बतूल म्हणाली, "दोघींनाही हाच हवाय."

शर्बेलचे कान लाल झाले.
मी त्यांना कोर्टात पाठवलं,
दोघी एकच असल्याची शपथ घ्यायला.
"कशावर हात ठेवून?" त्याने विचारलं.
बायबल आहे, कुराण आहे,
काहीच नको असेल तर नुसता शब्दही चालतो.

दीड तासाने परतले,
कागदाला हलुमीच्या पावाचं तूप लागलेलं.
ते मी पाहिलं नाही असं धरलं.

मग साक्षीदार. दोन लागतात.
त्यांच्याकडे एकच, शर्बेलचा मावसभाऊ,
दुसरीचं विमान तिकडेच अडकलेलं.
तिसऱ्या खिडकीतला पान्तेलिस सुट्टीवर.
म्हणून पेन मीच उचललं.

नाव: मिरोफोरा.
जन्मस्थळ:

इथे मी दरवेळी जरा थांबते.
माझं गाव रेषेच्या पलीकडे.
चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात निघालो
तेव्हा मी चार वर्षांची,
आईने किल्ली घेतली, कोंबड्यांना दोन दिवसांचं दाणं टाकलं,
आणि माझा दाखला राहिला
कपाटावरच्या बिस्किटांच्या डब्यात.
रस्ता उघडला तेव्हा गेले होते.
त्या जागी दुसऱ्यांचं कपाट.
बाईंनी कॉफी दिली, वर लिंबाचा मुरंबा.
डब्याचं विचारायला जीभ उचलली नाही.

माझ्याकडे आहे ते आईचं शपथपत्र.
तिला लिहिता येत नव्हतं, अंगठा आहे.
वर टंकलेली एकच ओळ:
ही जन्मली. मी तिथे होते.

तीस वर्षं लोकांकडून मूळ प्रती मागणारी मी,
माझी स्वतःची मूळ प्रत
म्हणजे एका बाईचं हजर असणं.

सही केली.
शर्बेलने अंगठी चुकीच्या हातात घातली,
मावसभाऊ उगाच टाळ्या वाजवायला लागला,
बतूल त्याच हाताने डोळे पुसत राहिली.
बारा मिनिटं लागली सगळ्याला.
बाहेर पाणीपट्टीवरून कुणीतरी भांडत होतं.

दाखला देताना मी नेहमीचं सांगितलं:
वकिलातीचा शिक्का आजच घ्या, एकला बंद होते.
भाषांतर तिकडे जाऊन करा, स्वस्त पडतं.
नावाची अक्षरं आत्ताच तपासा, माझ्यासमोर.

आणि जे कुठल्याच परिपत्रकात नाही तेही:
प्रती काढा, दहा काढा, वाटत सुटा.
मूळ मात्र कुणाला देऊ नका.
माझ्यासारख्या बाईने खिडकीतून हात पुढे केला,
तरीही.