भरतीचं वेळापत्रक

दांडिया बाजारातून निघायचं होतं साडेसहाला,
निघालो पावणेनऊला.
आधी आईचं ठरेना, दशम्या की ठेपले,
मग बाबांनी टायरांची हवा बघितली, चारी,
मग पाचव्याची, डिकीतल्या.
मग शरयूआत्या म्हणाली, मला मागे मळमळतं, मी पुढे बसणार,
आणि पुढे बसले बाबा.

गाडी मी चालवते आता.
मोतीबिंदूनंतर, आणि त्या रिक्षाच्या प्रकरणानंतर,
ज्याबद्दल घरात कोणी बोलत नाही.
पण त्यांचा उजवा पाय अजून ब्रेक मारतो
समोरच्या रबरी पायपुसण्यावर:
पादऱ्याच्या फाटकाशी, म्हशींपाशी,
परवरांची पोती लादलेल्या छकड्याच्या मागे.
मी रस्त्याकडे बघते.

आई गुहागरची.
एकेचाळीस वर्षं झाली बडोद्यात,
विश्वामित्रीला नदी म्हणायला ती अजून तयार नाही,
मगरींची न्हाणी म्हणते.
सुरसागर तर तिला नावापासूनच खटकतो.
लग्न ठरताना बाबा म्हणाले होते,
समुद्र आमच्याकडेही आहे की, दीड तासावर.
तो दीड तास
आज निघाला.

जंबुसर गेलं. कपाशी गेली.
मग नुसता गांडा बावळ, दोन्ही अंगांनी,
आणि खारट, सपाट काहीतरी, ज्याला शेतही म्हणवत नाही.
निषाद विचारतो, समुद्र कुठाय?
ते आभाळ खाली टेकलंय ना, तिथे.
तिथे पोचलो की आभाळ पुढे सरकतं.

कंबोईला नारळवाला म्हणाला,
मंदिर तो गयुं, बेन. साडा त्रणे आवशे.
जसं काही मंदिर भाजी आणायला गेलंय.

बाबांनी खिशातून कागद काढला.
बँकेच्या कॅलेंडरच्या पाठीवर, त्यांच्या ताठ अक्षरात
भरती, ओहोटी, तास, मिनिटं.
दोनदा ताडून लिहिलं होतं मी, म्हणाले.
आत्याने कागद उलटा केला.
कॅलेंडर गेल्या सालचं.
कोणी काही बोललं नाही. निषादसुद्धा.

पाणी कठड्याच्या गजांपर्यंत चढलेलं,
मातकट, जड, न फुटणारं.
हा समुद्र? आई म्हणाली. ह्यात तर कोणी गोपीचंदन कालवलंय.
तरी चपला काढून बसली,
सतरंजीवर नाही, पायरीवर.
दशम्या खाल्ल्या, लसणीची चटणी,
ठेपलेही निघालेच डब्यातून.
बाबा लांब उभे, घड्याळाशी बोलत.

तीननंतर पाणी उतरू लागलं.
कसं, ते दिसलं नाही;
आधी एक ओला गज, मग दुसरा,
मग मधोमध काळं, गुळगुळीत
एक माथं वर आलं, गाळाने माखलेलं,
जसं पोहून आलेल्या पोराचं.

आई खाली गेली. बराच वेळ वाकून राहिली.
आमच्याकडे समुद्र देवळाच्या पायरीला लागून परत जातो,
म्हणाली, आत नाही शिरत.
हा घरचाच असल्यासारखा येतो.
मग वर बघून: अहो, शेवाळ आहे, कडेने या.
बाबा कोणाचा हात धरत नाहीत.
त्यांनी आईच्या पदराचं टोक धरलं, दोन बोटांनी,
आणि उतरले.

परतताना अंधार झाला.
मागे तिघं झोपलेली, डब्याचं झाकण खडखडतंय.
मासर रोडच्या पुढे
दिव्यांच्या झोतात अचानक नीलगाय,
पाण्यातून उठल्यासारखी.

ब्रेक लागला.
डावीकडे रबरावर पाय आपटल्याचा आवाज
आणि माझा पाय, एकाच क्षणी.
गाय आमच्याकडे बघून गेली निघून.
बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, बरा लागतो ब्रेक.
मी म्हटलं, हो.

पोचलो का? आई मागून, झोपेत.
नाही गं, अजून पादराही नाही.