मोंढ्यातली निकाली

मागच्या साली ही स्पर्धा टाऊन हॉलात होती.
खुर्च्या दीडशे. भाडं माझंच, म्हणून आकडा ध्यानात.
बसले किती? पोरं, पोरांचे सर,
दोन परीक्षक, अन् फोटोपुरते आलेले एक साहेब
जे चहाआधीच उठले.
बाहेर जेसीबी नाली खोदायला होता,
त्याला बघायला साठ माणसं.

हेच मी कच्छवे सरांना सांगितलं.
म्हणलं, सर, लोकांना यंत्राचं वावडं नाही.
जेसीबीचा दात दगडाला लागला
की सगळ्यांचा श्वास अडकतो : निघतंय का नाही.
तुमच्या हॉलात कुणाचं काय अडकलंय
तेच कळंना.
सर बराच वेळ गप.
मग म्हणाले, मुखीदभाई, आता माईक तुम्हीच धरा.

मी कुस्त्यांचा माणूस. तीस वर्षं
उरुसात, जत्रेत घसा विकलेला.
मला काय ठावं सेन्सर?
नववीतली प्रज्वला वाव्हळ
माझ्या दुकानात स्पीकरच्या खोक्यावर बसून
दोन संध्याकाळी शिकवत राहिली :
मामा, हे डोळे. काळी रेघ बघून चालते.
मामा, हा पंजा. ह्याला जोर कळतो, नाजूक कळत नाही.
विचारलं, हरलीस तर काय जाईल गं?
काही नाही, म्हणाली.
मग स्क्रू पिळता पिळता :
सोल्डरिंग गन शाळेची आहे. परत द्यावी लागंल.

तर ह्या साली मानवतच्या मोंढ्यात.
कापूस उठलेला, शेड मोकळं, बाजाराचा दिवस.
कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स
उलटा अंथरला, चेहरा खाली,
पाठीवर काळ्या टेपची वाट.
नियमात लाकडी ठोकळे होते.
मी म्हणलं, अंडी ठेवा. खरी.
परीक्षकांनी एकमेकांकडं पाहिलं
अन् पुंजाजीच्या हलगीवर थाप पडली.

परभणीचा 'वज्र', मानवतची 'टिटवी'!
वज्रचं पहिलंच अंडं पचकन फुटलं
अन् भाजीवाले तराजू सोडून आले.
टिटवीनं एक ठेवलं. दुसरं ठेवलं.
तिसरं पंज्यात घेऊन निघाली
अन् अर्ध्या वाटेत थांबली.
नुसती थरथर.

मी खूप बोललो. दम खातीया, म्हणलं, डाव शोधतीया.
पण प्रज्वला टिटवीकडं बघतच नव्हती.
ती वर बघत होती.
पत्र्याला भोक, भोकातून ऊन,
उन्हाचा रुपयाएवढा ठिपका बरोबर रेघेवर.
तेवढ्यानं डोळे दिपलेले.

तीस वर्षांत पहिल्यांदा मी माईक खाली केला.
पुंजाजीचा हात हवेतच.
मिरच्यावाल्या शेवंताबाईनं काय ओळखलं कोण जाणे,
दोन पावलं पुढं आली,
पदर हातभर लांब धरला.
ठिपका पदरावर चढला.
टिटवी हलली.

पाच टोपलीत गेली. वज्रची सहा.
हरलो, तसं बघितलं तर.
पण शेडातून कुणी उठंना.
शेवंताबाईच्या मिरच्या शेळीनं खाल्ल्या
तरी ती परीक्षकाशी भांडायलीच.

सावली धरणं फाऊल का नाही?
आठ दिवस झाले, टपरीवर दुसरा विषय नाही.
ज्यांनी बॅटरीसुद्धा कधी उघडली नाही
ते म्हणायलेत, डोळ्याला झाकण पाहिजे होतं,
काळ्या पुठ्ठ्याचं, बैलाच्या झापडीगत.
एकानं तर करूनच आणलं.
प्रज्वलानं मापून पाहिलं,
म्हणाली, दोन मिलिमीटर कमी करा.

शेवटी सरांनी नियमांच्या पानाचं झेरॉक्स काढून
टपरीच्या खांबाला चिकटवलं.
सावलीबद्दल त्यात एक अक्षर नाही.
काल चहाला गेलो तर पानावर भज्यांचं तेल,
अन् कलम सातच्या खाली
कुणीतरी निळ्या पेनानं
दुरुस्ती केलेली.