आठवा टेक

धायरीत, दुसऱ्या मजल्यावर,
कपाट उघडून
साड्यांकडे तोंड करून गाते मी.
माइक झाडूच्या दांड्याला, चिकटपट्टीने.
प्रोसेसर निरंजनचा.
गिटार विकली त्याने, हा राहिला.
अंगठ्याने दाबला
की दहा बाय दहाचं सभागृह होतं,
मागच्या रांगेपर्यंत भरलेलं.

सहाव्या टेकला खालचा कुकर.
सातव्याला, तान उतरता उतरता,
गल्लीतून हाक: रद्दीऽऽ
आणि डिले चालूच होता.
रद्दी, रद्दी, रद्दी,
माझ्याच सुराला लागून.

हसू आवरेना.
मग सगळं बंद केलं
आणि नुसतीच गायले.
कोरडा आवाज, थोडा घोगरा,
श्वास घेताना नाकात शीळ.
इतकी वर्षं हाच बोलत होता
दूधवाल्याशी, बँकेत, निरंजनशी.

फाइलला नाव दिलं 'रद्दी'.
विकायची नाही.