मागे जायचा बाण

सोहारला रात्री साडेनऊला
मुनाफ परकार डोळ्यांवर टॉवेल टाकून झोपतो,
पहाटे साडेचारची बस असते त्याला.
माझा उजेड टॉवेलातूनही त्याच्यापर्यंत पोचतो,
म्हणून ॲपमध्ये सगळ्यात आधी काळा पडदा केला.
लोकांना ती सोय वाटते.
मला ती दोन खाटांमधल्या अडीच फुटांची भीड वाटते.

दिवसा मी पाइप यार्डात स्टोअरकीपर.
गॅस्केट, फ्लँज, चार इंची व्हॉल्व्ह,
आले किती, गेले किती, उरले किती.
रात्री इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून
तेच विचारतो, फक्त कांद्यांबद्दल:
सहाजणांच्या मेसमध्ये कोण जेवलं, कोण नाइटला होतं,
उपास कुणाचा, रोजा कुणाचा,
सुरमई कुणी आणली
आणि पैसे सांगायला कोण लाजला.
एक रियाल तीनशे बैशांवरून
जोसेफ आणि हरिंदर अकरा दिवस बोलत नव्हते.
तिथून सुरू झालं हे.
नाव ठेवलं ‘वाटा’.

करारात कलम आहे, इतरत्र काम करू नये.
मी इतरत्र कुठे जातो?
खाटेवरच तर असतो.

खातं उघडायची फी डॉलरात होती.
त्या महिन्यात घरी कमी पाठवले,
रियालचा भाव उतरलाय म्हणालो.
वृंदा लांज्यात बसून रोज भाव बघते.
काही बोलली नाही.
तिचा फोन जुना, काच चिरलेली,
त्यावर चाललं की कुठेही चालेल या हिशोबानं
प्रत्येक नवी आवृत्ती आधी तिला.
‘तुझं ते जमा करायचं बटण कीबोर्डाखाली दडतंय,’
आणि त्याच श्वासात,
‘ओवीची फी वीस तारखेपर्यंत.’
दोन्ही लिहून घेतो, एकाच पानावर.

पहिल्या आठवड्यात सहा माणसं. आम्हीच.
मग कुवेतहून कुणीतरी सातवा.
त्यानं एक तारा दिला:
‘आमचा स्वयंपाकी सुदानी. अरबी का नाही?’
एक तारा, पण
त्यांच्याकडेही कुणीतरी लाजत असणार.
दोन दिवस खिशात फोन ठेवून
तो तारा बाळगत फिरलो.

गेटवरचा सालिम म्हणाला, बस, चहा घे, शब्द सांग.
मी म्हटलं हिशोब. तो म्हणाला हिसाब.
मी म्हटलं बाकी. तो म्हणाला बाक़ी.
मी म्हटलं तारीख,
तेव्हा त्यानं कपच खाली ठेवला.
‘आधीच नेलंत सगळं,
आता माझ्याकडे काय मागतोस?’
लाजणं मात्र आमच्या दोघांच्या याद्यांत नव्हतं.

रात्री अरबी लावली
आणि पडदा आरशात गेल्यासारखा फिरला.
नावं उजव्या कडेला टेकली,
कांद्याचं चित्र पलीकडे गेलं,
मागे जायचा बाण डावा कोपरा सोडून
उजवीकडे जाऊन, तोंड फिरवून उभा.
तीनदा कोड तपासला. चूक नव्हती.
मुनाफ पाणी प्यायला उठला होता,
खांद्यावरून बघून म्हणाला,
‘बरोबर आहे की.
नकाशात आपलं गाव त्याच बाजूला.’
आणि पुन्हा टॉवेल.

बस यायला साडेतीन तास आहेत.
एक दोष अजून सापडतोय मधेमधे:
महिन्याचा खर्च आणि जेवणारी माणसं शून्य,
असं कधी आलं तर भागाकार अडतो,
ॲप बंद पडतं.
म्हणजे सगळे एकदम
रजा घेऊन घरी गेले तर.
ही शक्यता मी लिहिताना धरलीच नव्हती.