चावीवाला

डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली.
इथे, इथे, आणि हे पांढरं सगळं.
बारीक रक्तवाहिन्या. भिंती झिरपतायत.

म्हणजे मेन लाईन ठीक, मी म्हटलं,
शेवटच्या नळांना प्रेशर नाही.
ते हसले.
अप्पा हसले नाहीत.

एकतीस वर्षं साखर पेठेचे व्हॉल्व्ह अप्पांच्या हातात.
चार दिवसांआड, पहाटे तीनला,
खांद्यावर ती लांब लोखंडी चावी
आणि गल्लीभर जागे झालेले हंडे.
रस्त्याला कान लावून सांगायचे
गळतंय कुठे.
खोदलं की तिथंच निघायचं.

आता मला विचारतात,
तुम्ही कुठल्या बोळातल्या?
सकाळी तासभर मी मल्लवा असते.
मग नुसती हवा येते नळातून, फुस्स.

काल रात्री अंगणात सापडले.
झाडूचा दांडा मातीत रोवून
दोन्ही हातांनी फिरवत होते.
घामेघूम.
"टोकाच्या नरसम्माकडं आलं का बघ की गं."
नरसम्मा जाऊन बारा वर्षं झाली.
तिच्या जागी आता शटर आहे.

मी अनवाणीच बोळाच्या टोकापर्यंत गेले,
थोडी थांबले, परत आले.
आलंय, म्हटलं. बारीक,
पण येतंय.

त्यांनी दांड्याला
आणखी अर्धा आटा दिला.