इथपर्यंत

वहीचं मागचं पान, मधोमध रेघ.
डावीकडे 'जावं', उजवीकडे 'नको'.
रात्रीच्या गाडीत एवढंच लिहून झालं, मग डोळा लागला.
सकाळी कोल्हापुरात उतरले तर समोर रूळच संपलेले.
पुढे एक अडसर, अडसरापलीकडे कुत्रं,
आणि भिंत.
हे कुठल्या बाजूला लिहायचं?
गाडी जिथून पुढे जातच नाही
तिथे झोपून राहिलं तरी स्टेशन चुकत नाही.

सर्जेराव एजंट स्कूटर घेऊन आलेला.
"पुण्यात जेवढ्यात तुमचं पार्किंग येतंय
तेवढ्यात हितं गच्ची घ्या मॅडम."

कंपनीचं पत्र बॅगेत होतं:
घरून काम करा, कुठूनही करा,
मात्र शहराच्या श्रेणीनुसार पगार अठरा टक्के कमी.
म्हणजे शहरासोबत मीही एक पायरी उतरायची.
नवऱ्याचा प्रश्न वेगळाच:
"साडेनऊनंतर तिकडे करणार काय आपण?"
इकडे काय करतो?
पाऊण तास गाडी लावायला जागा शोधतो,
आणि समोरच्या दाराचं आडनाव
मला सहा वर्षांनी एका पार्सलवरून कळलं.
ईराला अजून विचारलेलंच नाही.
तेरा वर्षांच्या मुलीला विचारणं म्हणजे
निकाल आधीच लावून घेणं.

रमणमळ्यातलं घर. नवा रंग, जरा जास्तच नवा.
"पाणी?" मी विचारलं.
"छे वो. हितं कुठलं पाणी."
त्याच्या पाठीमागे, रंगाखालून,
एक फिकट रेघ भिंतभर चालत गेलेली.

मी जोखीम मोजते. तेच माझं काम.
पिनकोडांना रंग देते, हिरवा, पिवळा, लाल.
हा पिनकोड मीच लाल केला होता
एका मंगळवारी, डबा खाता खाता.
भेंडीची भाजी होती. तेवढं आठवतं.

शेजारच्या आक्काताई चौगुले
दळणाचा डबा कमरेवर घेऊन निघाल्या होत्या, थांबल्या.
"खोटं कशाला बोलतोस रं सर्ज्या?
आलं की पाणी. हितपर्यंत."
मोकळा हात त्यांनी छातीवर ठेवला,
शपथ घेतात तसा.
"बोट यायच्या आधी तालमीची पोरं आली.
मला न्यायला आली, मी म्हटलं, आधी म्हस.
मग म्हस चढीवली गच्चीवर. जिन्यानं.
चढली बिचारी. उतरंना मात्र.
तीन दिवस वरच. धारा बी वरच काढल्या,
समद्या गल्लीला चहा."
मग, दळण दुसऱ्या कमरेवर घेत,
"फ्रीजचं पैसं न्हाई दिलं इम्यावाल्यांनी.
म्हणं, पाणी खालनं आलं का वरनं, ते सिद्ध करा."

ते पत्र माझं नव्हतं.
ते वाक्य मात्र मला पाठ आहे.
स्वल्पविरामासकट.

"पेठ कुठली तुमची?" त्यांनी विचारलं.
"कोथरूड."
त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला.
"ही काय पेठ न्हवं," म्हणाल्या,
आणि आत जाऊन गुळाचा एक खडा आणून
माझ्या हातात ठेवला, कागदात बांधून,
पेठ नसलेल्या माणसाला काहीतरी द्यावं म्हणून असेल.

परतीच्या गाडीत वही उघडली.
गच्ची डावीकडे. अठरा टक्के उजवीकडे.
रेघेएवढं पाणी उजवीकडे,
आणि तालमीची पोरं?
पाण्याशिवाय ती डावीकडे जाईनात.
आक्काताईंचं तोंड कुठे लिहू?
आठ दिवसांत गल्लीला माझा पगार कळेल,
पंधरा दिवसांत मी काय काम करते ते.
मग कुणीतरी फ्रीजचा कागद घेऊन दारात उभं राहील.
मिरज येईतो बॅगेला मुंग्या लागल्या होत्या.

सर्जेरावांना मेसेज केला:
जिना किती रुंद आहे?
कराडच्या अलीकडे उत्तर आलं.
"म्हस जाते, मॅडम."